सातवीचं दार

"दार उघड. शेवटचं सांगतोय."

शाळेवर नेमलेल्या हवालदारानं दारावर पुन्हा तळहात आपटला. दाराला लॅच होतं. बाहेरून ते फक्त किल्लीनं उघडे, आणि किल्ली वरच्या मजल्यावर, मोठ्या बाईंच्या कपाटात. खिडक्यांचे पडदे ओढलेले. त्यानं खांदा लावून पाहिला. दारामागे आणखी काहीतरी जड सरकवलेलं होतं, बहुतेक बाक.

"भिंगरीच असणार," सातवीच्या वर्गबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी जरा ऑफिसात काय गेले, तिनं अख्खा वर्ग कोंडून घेतला. गेल्या आठवड्यात एका मुलीला प्रयोगशाळेत कोंडलं होतं. आज सकाळी तर म्हणत होती, एकेकाला बघून घेते."

भिंगरी हे नाव शिक्षकांनीच ठेवलेलं. ती पोरगी बाकावर कधी टेकत नसे. वर्गाबाहेर उभं केलं तर बाहेरून आतल्यांना हसवायची. मोठ्या बाईंची तिला शेवटची ताकीद देऊन झाली होती. हवालदारही तिला चांगलाच ओळखून होता. त्यानं शाळेत घेतलेल्या सरावात सगळ्यात जास्त खिदळली होती ती हीच.

"किल्ली आणा," तो म्हणाला. बाई जिन्याकडे पळाल्या.

त्यानं दाराला कान लावला. अख्खा वर्ग आत, आणि कोणाच्या तोंडून चकार शब्द नाही. कोणी हसत नव्हतं, कोणी रडतही नव्हतं. बाई नसताना सातवीचा वर्ग गप्प बसल्याचं त्यानं आजवर ऐकलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांसमोर कात्री आली, कर्कटक आलं, नाही नाही ते आलं. माणूस वाईट नव्हता. घाबरला होता, आणि घाबरल्यावर हात चालवायचे एवढंच त्याला नोकरीनं शिकवलं होतं.

जिन्यावर पावलं वाजली. "आले, आले," मोठ्या बाईंचा आवाज आला. त्याला तेवढाही धीर धरवला नाही. त्यानं दोन लाथा घातल्या. लॅच तुटलं, बाक करकरत मागे सरकलं.

आत अंधार होता, आणि कोणीतरी दार उलटं लोटत होतं. भिंगरीच होती. पाठ दाराला, टाचा फरशीला रोवलेल्या.

"बाजूला हो."

ती हलली नाही. त्यानं तिचा हात धरला, पाठीमागे पिरगळला, तिला पालथं पाडलं आणि पाठीवर गुडघा ठेवला. काडकन आवाज झाला. हा आवाज त्यानं नोकरीत पूर्वीही ऐकला होता, पण इतक्या बारीक हाताचा कधी ऐकला नव्हता. ती किंचाळली नाही. ओठ दातांखाली धरून ती बाकांकडे बघत राहिली.

म्हणून त्यानंही तिकडे बघितलं. मुलं बाकांखाली बसली होती. दिवे बंद, आणि प्रत्येकाचा हात स्वतःच्या तोंडावर. अगदी त्यानं शिकवलं होतं तसं.

"घंटा वाजली होती, काका," भिंगरी फरशीवरूनच कुजबुजली. "तुम्हीच म्हणाला होतात ना, मी आलो तरी उघडायचं नाही."

घंटा खरंच वाजली होती. धोक्याची घंटा दुरुस्त करताना वायरमनचा हात चुकला, आणि हवालदार त्याच्याशेजारी उभा राहून हसला होता. घंटा चुकून वाजली, हे सांगायला शिपाई वर्गावर्गांत फिरला. सातवीच्या बाई त्याला ऑफिसातच भेटल्या, त्यांच्या कानावर घातलं, आणि मग सातवीकडे तो फिरकलाच नाही. बाईही हातातलं काम उरकूनच परतल्या. मुलांना कोणीच सांगितलं नव्हतं.

कोणी हत्यार घेऊन शाळेत शिरलं तर काय करायचं, त्याचा तो सराव होता. दार लावा, दिवे घालवा, आवाज करू नका, मोठ्या बाई किल्लीनं उघडतील तेव्हाच बाहेर या. "आणि बाहेरून कोणी म्हणालं, मी पोलीस आहे, तर?" त्यानं विचारलं होतं. "नाही उघडायचं!" वर्ग ओरडला होता. सगळ्यात मोठा आवाज भिंगरीचा होता.

दवाखान्यात तिची आई बाकड्यावर बसून होती. तो समोर जाऊन उभा राहिला.

"घरी सांगितलेलं एक काम ऐकत नाही हो ती," आई म्हणाली. "तुमचं मात्र ऐकलं."

ती चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. पोलीस ठाण्यात साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मुलीनं हुकूम मोडला, तू नियमातच वागलास, विषय संपला, म्हणाले. त्याचा काही संपला नाही. त्याला रात्री झोप लागेना.

दार नवीन बसल्यावर तो आपण होऊन सातवीच्या वर्गात आला. टोपी काढून हातात घेतली. भिंगरी प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून सरळ बसली होती. "हल्ली ती सरळच बसते," वर्गबाई कौतुकानं म्हणाल्या.

"त्या दिवशी चूक माझी होती," तो मुलांना म्हणाला. "तिनं बरोबर केलं. तुम्ही सगळ्यांनीच बरोबर केलं. तसंच करायचं असतं."

मुलं ऐकत होती. त्याला जरा हलकं वाटलं.

"चला, एकदा उजळणी करू. घंटा वाजली. तुम्ही दार लावलं. बाहेरून आवाज आला, मी पोलीस आहे, दार उघडा. काय करायचं?"

मुलांनी नव्या दाराकडे पाहिलं. मग भिंगरीच्या प्लास्टरकडे पाहिलं.

"उघडायचं," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.