देवांची आंघोळ

आटपाडीच्या त्या घरात नव्या सुनेला देवांची ओळख करून द्यायचं काम सात वर्षांच्या प्रांजलकडे आलं, कारण तिच्या आजीचे, धोंडुबाईचे, हात पुरणात होते. शिवाय आई गेल्यापासून देवांना आंघोळ प्रांजलच घालत होती. देवांचा कारभार तिच्याइतका घरात दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हता.

राजेश्वरी ताम्हणापुढे बसली. प्रांजलच्या वडिलांचं, जयराजचं, हे दुसरं लग्न, तिचं पहिलं. तिच्या वडिलांचा गुंटूरला गलाईचा, सोनंचांदी गाळून शुद्ध करण्याचा धंदा, म्हणून ती वाढली तिकडेच. तिथल्या घरात भिंतीभर तसबिरी होत्या : कमळातली लक्ष्मी, वीणा घेतलेली सरस्वती, शेषावर निजलेला विष्णू. इथले देव अंगठ्याएवढे, आणि पिढ्यान्‌पिढ्या घासून नाकडोळे गेलेले. कोण कुठला, तिला काही कळेना.

"ह्यो गणपती." प्रांजलनं पितळी मूर्ती ताम्हणात ठेवली. "ह्येला पयला न्हाऊ घालायचा. न्हाईतर रुसतो."

"आणि ही पिंड?"

"म्हादेव. ह्येला नुस्तं पानी आन बेलाचं पान. लय साधा हाय. ह्यो बाळकृष्ण. आजी लगीन हून आली तवा बी रांगतच हुता म्हणं. आन पळी घिऊन बसलीया ती अन्नपूर्णा."

"मग विष्णू कुठंय?"

प्रांजलनं डोकं खाजवलं. "बाळकृष्ण म्हंजी त्योच. इठोबा बी त्योच. आजी म्हणती, त्यो एकटाच कापडं बदलून येतोय."

"आणि लक्ष्मी?"

"ही तुळजापूरची भवानी हाय. हीच लक्षुमी का, ते आजीला बी म्हाईत न्हाई."

राजेश्वरीला हसू आलं. सकाळपासून पहिल्यांदाच तिला इथं बरं वाटलं. मग टाक निघाले, चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेले देव. एका टाकावर बिरोबा, एकावर घोड्यावरचा खंडोबा, आणि त्याच्या शेजारी दोघी.

"ही म्हाळसा. ही बानू, मागनं आल्याली."

"पटतं का दोघींचं?"

"छ्या. लय भांडत्यात. पर ऱ्हात्यात एकाच देव्हाऱ्यात."

आता एकच टाक उरला होता. गलाईवाल्याच्या लेकीला चांदी कळते. हा टाक नवाकोरा होता. त्यावरच्या बाईचे नाकडोळे जागच्या जागी होते. प्रांजलनं तो ताम्हणात ठेवला नाही, तळहातावर घेतला.

"ही आई," ती म्हणाली. "हिला कोमट पानी लागतंय."

तेवढ्यात पदराला हात पुसत धोंडुबाई आली. तिच्या हातात काळा दोरा होता.

"सूनबाई, आंघुळी झाल्या का? आता त्यो टाक गळ्यात बांध. पयलीचा टाक दुसरीनं घालायचा, रीत हाय आपल्यात. म्हंजी तिचा जीव शांत ऱ्हातोय, तुमच्या संसारात आडवी येत न्हाई."

धोंडुबाई वाईट नव्हती, भ्यालेली होती. एक सून तिच्या डोळ्यांदेखत गेली होती; दुसरीच्या बाबतीत तिला कसलीच कसर ठेवायची नव्हती.

प्रांजलला मात्र ही रीत कुणी सांगितलीच नव्हती. तिनं मूठ मिटली.

"मग मी रोज आंघोळ कुणाला घालू?"

"बाकीचं देव हायत की, बाळा."

"त्ये नुस्तं देव हायत," प्रांजल म्हणाली.

धोंडुबाई दोरा बोटाभोवती गुंडाळत राहिली. राजेश्वरीनं नको म्हणावं तर म्हातारीचा जीव टांगणीला, हो म्हणावं तर पोरीचा.

"आत्या, दोरा तिच्याकडं द्या," ती सासूला म्हणाली. मग प्रांजलकडे पाठ करून बसली आणि केस पुढे घेतले. "बांधायचा तर तूच बांध. नाही बांधलास तरी चालेल, आत्यांना मी सांगेन."

प्रांजलनं मागून विचारलं,

"हरवशील?"

"नाही."

"रातच्याला काढून ठिवशील?"

"नाही काढणार."

मग मानेवर लहान, ओली बोटं लागली. प्रांजलनं एक गाठ मारली, ओढून बघितली, वर आणखी एक मारली.

ती फिरून समोर आली. मंगळसूत्राच्या वर टाक नीट बसलाय का ते पाहिलं. तांब्यात बोट बुडवून पाणी कोमट आहे ना याची खात्री केली, आणि भरलेली पळी थेट त्या टाकावर ओतली. पाणी लग्नाच्या साडीत उतरत गेलं. राजेश्वरी दचकून मागे सरली.

"हलू नगं," दुसरी पळी भरत प्रांजल म्हणाली. "आई हलत न्हाई."