मागून येणारा आवाज

“जरा गाडी थांबवा,” फिटर म्हणाला. “मागून आवाज येतोय.”

ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली. शववाहिनीत शेजारी बसलेलं माणूस मध्येच थांबायला सांगतं, याची त्याला सवय होती. कुणाला मळमळतं, कुणाला पाणी हवं असतं, कुणाला नुसतंच उतरून उभं राहायचं असतं. गाडीच्या आवाजाची तक्रार मात्र पंधरा वर्षांत कुणी केली नव्हती.

मागे, बंद दारांच्या आत, फिटरची मुलगी होती. चौतीस वर्षांची. अकरा दिवस ताप हटला नाही आणि आज सकाळी ती गेली. घर अजून दोन तासांवर होतं.

“खड्डा आला की खट् वाजतं,” फिटर म्हणाला. “एकदाच. मग गप्प. मग परत.”

“जुनी गाडी आहे, काका. वाजतं काही ना काही.”

“काही ना काही म्हणजे काय? बस डेपोत एकतीस वर्षं फिटर होतो मी. पाने आहेत का?”

दवाखान्यातून निघाल्यापासून त्याने चार शब्द उच्चारले नव्हते. दाखवतील तिथे सह्या केल्या होत्या. आता तो शर्टाच्या बाह्या दुमडत होता. हाताला काम मिळालं, तेवढंच मन रमेल, असा विचार करून ड्रायव्हरने सीटखालची पान्यांची पिशवी काढून दिली.

फिटरने मागच्या दाराची कडी हलवून पाहिली. ती थोडी ढिली होती. त्याने पुठ्ठ्याची घडी करून फटीत घट्ट बसवली, आणि दाराला तळहात लावून थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग गाडीखाली लटकवलेली स्टेपनी आवळली. जॅक काढून पुढे स्वतःच्या पायाशी ठेवला.

गाडी सुटली. अर्ध्या किलोमीटरवर एक खड्डा लागला. खट्.

“दार नाही,” फिटर म्हणाला. “स्टेपनी नाही. जॅक नाही. थांबवा.”

“आतला स्ट्रेचर हलत असेल, काका.”

“स्ट्रेचर हलणार नाही. पट्टे मी स्वतः बांधलेत. दोनदा ओढून बघितलेत.”

या वेळी तो अंगाखाली गोणपाट घेऊन गाडीखाली शिरला. सायलेन्सर धरून गदागदा हलवला. स्प्रिंगच्या पाट्यांवरच्या एकेका बोल्टवर पाना आपटला आणि कान देऊन ऐकलं. उजव्या चाकामागचा शॉकॲब्सॉर्बर दोन्ही हातांनी ओढून पाहिला. “सायलेन्सर ठीक,” तो खालून सांगत होता. “पाटे ठीक. उजवा शॉक ठीक.”

ड्रायव्हरला नवल वाटलं. त्याने आजवर पुष्कळ मेकॅनिक पाहिले होते. दोष सापडेना की ते चिडतात, गाडीला शिव्या घालतात, मग मालकाला. हा माणूस मात्र दर ‘ठीक’बरोबर खुलत चालला होता. बाहेर आला तेव्हा कोपर खरचटलं होतं, कपाळाला काळं वंगण लागलं होतं, आणि सकाळपासून मेणासारखा दिसणारा चेहरा लाल झाला होता.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पलीकडे धाकटा भाऊ होता. त्याचा आवाज एवढा मोठा होता की ड्रायव्हरला सगळं ऐकू येत होतं. “दादा, वहिनी सारखी विचारतेय, पोरीला घरी आणताय तर फोनवर बोलू का देत नाही. मी आता तिला खरं सांगून टाकतो.”

“नको,” फिटर म्हणाला. “इतक्यात काही सांगू नकोस. मी एक गोष्ट तपासतोय.”

“आता काय तपासायचं राहिलंय, दादा?”

फिटरने फोन बंद करून खिशात ठेवला आणि मागच्या बंद दाराला कान लावला.

ऊन चढत होतं. बाजूने ट्रक गेला की गाडी जागच्या जागी हलायची. ड्रायव्हरला आता निघायची घाई झाली होती. त्याने वाकून गाडीखाली नजर टाकली.

“काका, डावीकडचा शॉक राहिला की बघायचा.”

“तो ठीकच असेल.”

“असेल म्हणून कसं चालेल? आवाज तर त्याच बाजूने येतोय.”

फिटर चिंधीने एकेक बोट पुसत राहिला. मागून खट् आवाज आला की सगळ्यात आधी दोन्हीकडच्या शॉकना हात घालायचा, हे त्याने डेपोत कितीतरी जणांना शिकवलं होतं.

“तुम्हाला जमत नसेल तर मी बघतो,” ड्रायव्हर म्हणाला.

“नको,” फिटर म्हणाला. “मीच बघतो.”

तो पुन्हा खाली शिरला. बाहेर फक्त त्याचे बूट दिसत होते. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.

मग उभ्या गाडीत आवाज झाला. खट्.

थोडं थांबून पुन्हा. खट्. मग लागोपाठ तीनदा.

“शॉकच्या बुशचं रबर गेलंय,” फिटर खालून म्हणाला. “पार भुगा झालाय. लोखंडावर लोखंड आपटतंय.”

“चला, सापडला एकदाचा!” ड्रायव्हर उकिडवा बसला. “तुमच्या कानाला मानलं, काका. आमच्या गॅरेजवाल्याला याचा पत्ताही लागला नसता. या आता बाहेर. निघू या.”

बूट हलले नाहीत.

“काका?”

“सापडायला नको होता रे,” फिटर म्हणाला.