लीलाची सात नंबर

तुकारामनं पिशवीतून आठ नंबरची स्टिक ओढली, तेव्हा लीला म्हणाली, "सहा घ्या."

शेवटचं होल होतं. हुबळीच्या त्या गोल्फ मैदानावर वर्षातून एकदा नवरा-बायकोच्या जोड्यांचा सामना व्हायचा. जोडीला चेंडू एकच, आळीपाळीनं मारायचा. स्टिकचा नंबर जितका लहान, तितका चेंडू लांब. सकाळपासून खेळून तुकाराम-लीला आणि वकील बाळाचार्य-राधा या दोन जोड्या बरोबरीत आल्या होत्या. समोर एकशे वीस यार्डांवर निशाण, त्याच्या अलीकडं ओढा, पलीकडं बाभळी. बाळाचार्यांचा चेंडू ओढ्यापलीकडं सुखरूप पडला होता.

"आठ नंबर एकशे वीस जाते," तुकाराम म्हणाला. "रेल्वेतून रिटायर व्हायच्या आधीपासून जाते."

"जात होती."

बाळाचार्य उगाचच खोकले.

"मागच्या रविवारी ओढ्यात गेला तो वाऱ्यानं. विचार वकीलसाहेबांना."

लीलानं विचारलं नाही. ती वाकली, चिमूटभर वाळलेलं गवत उपटलं आणि हात वर धरून सोडलं. गवत सरळ तिच्या बुटांवर पडलं.

"आज वारं नाही," ती म्हणाली. "त्या दिवशीपण नव्हतं. दाजीबानपेठेत स्कूटरवरून पडलात, खांदा मोडला, तेव्हापासून तुमची आठ नंबर पंच्याण्णववर पडते. मी बघते की."

तुकारामनं बाळाचार्यांकडं पाहिलं. "पण तुम्हीच म्हणायचात. वारं आडवं आलं, अण्णा, असं."

बाळाचार्य स्वतःच्या बुटाची नाडी निरखत होते. "होगली बिडरी, अण्णा," ते म्हणाले. "सोडून द्या. मनाला लावून घेऊन तुम्ही खेळायला यायचं थांबला असता."

"मीच ह्यांना तसं म्हणायला सांगितलं होतं," राधा म्हणाली.

तुकारामचे कान तापले. त्यानं स्टिक पिशवीत खुपसली. क्षणभर लीलाला वाटलं, आता हे पिशवी उचलणार, स्कूटरला किक मारणार आणि थेट नवनगरला घरी जाणार.

"मग इतके दिवस गप्प होतीस, आजच का बोललीस?" त्यानं विचारलं.

"आज चेंडू माझापण आहे."

त्यानं सहा नंबर काढली. "ओढ्यात गेला तर?"

"तर मी चुकले."

त्यानं मारलं. चेंडू फार उंच गेला नाही, पण ओढा ओलांडून एक टप्पा घेऊन निशाणाजवळ थांबला. तुकाराम बघतच राहिला. आधी थोडा रागच दिसला तोंडावर, मग हळूहळू हसू आलं.

"सहा नंबर," तो स्वतःशीच म्हणाला.

दोन्ही जोड्यांनी होल सारख्याच फटक्यांत संपवलं. पुन्हा बरोबरी. म्हणजे हेच होल परत खेळायचं, आणि या वेळी पहिला फटका लीलाचा.

परत चालत येताना तुकारामनं विचारलं, "माझं सगळं बघतेस. तुझी सात नंबर किती जाते?"

"शंभर असेल."

"असेल म्हणजे?"

"कधी पूर्ण मारलीच नाही."

"का?"

"तुमच्या पुढं पडला असता चेंडू."

तुकाराम जागच्या जागी थांबला. लीलाही थांबली. आता मात्र हे चिडणार, असं तिला वाटलं. पण तो इतक्या मोठ्यानं हसला, की पुढं गेलेली राधा वळून बघायला लागली.

"म्हणजे या मैदानावर खरं खेळत होतो तो मी एकटाच," तो म्हणाला.

राधानं चेंडू मारला. तो पुन्हा नीट पलीकडं पडला. लीलानं सहा नंबर काढली. ती हळू मारली की चेंडू ओढ्यापलीकडं जायचा, एवढं तिला माहीत होतं. तुकारामनं ती तिच्या हातातून काढून घेतली आणि सात नंबर दिली.

"पूर्ण मार."

"कप जाईल."

"जाऊ दे. मार."

लीलानं पदर खोचला, पाय रोवले आणि मारलं. आवाजच वेगळा आला. चेंडू ओढ्यावरून गेला, निशाणावरून गेला आणि कुणाला काही कळायच्या आत मागच्या बाभळींत जाऊन पडला.

"अय्यो, लीलाक्का," राधा म्हणाली.

बाभळींतून चेंडू काढून खेळणं शक्य नव्हतं. बाळाचार्य-राधानं सावकाश आपला चेंडू होलमध्ये घातला आणि सामना संपला. तुकारामचं तिकडं लक्षच नव्हतं. तो निशाणापासून बाभळींपर्यंत लांब टांगा टाकत, तोंडानं मोजत चालला होता.

"एकशे चाळीस," तो बाभळींपाशी पोचून म्हणाला. "वकीलसाहेब, ऐकलंत का? माझी कधी एवढी गेली नाही. खांदा धड होता तेव्हासुद्धा नाही."

बाळाचार्य येऊन त्याचा हात हातात घेऊन उभे राहिले. कप कुणाच्या घरी जाणार, हे कुणी बोललंच नाही.

लीलाही बाभळींपाशी आली होती. काट्यांत अडकलेला चेंडू तिला दिसत होता, पण तिनं तो काढायला हात घातला नाही. ती मागं वळून, जिथून मारलं होतं ती जागा बघत होती. तिथं राहिलेली त्यांची पिशवी इथून एवढीशी दिसत होती.

"अहो," ती म्हणाली, "पाच नंबर किती जात असेल?"