ओढणारी चाके

गाडीची पुढची दोन्ही चाके टेकूंवर वीतभर उचललेली होती आणि पुंजाराम टायरवाला त्यांच्यावरून तळहात फिरवीत होता. रबर इतके गुळगुळीत झाले होते की त्यावर कधी काळी नक्षी होती, हे सांगितल्याशिवाय कळले नसते. मागच्या चाकांवरच्या रेघा मात्र अजून शाबूत होत्या. पुंजारामने हात झटकले, आणि शेजारी उभ्या असलेल्या ड्रायव्हरकडे न पाहता, मोतीरामशेठना आपले निदान ऐकवले. जो माणूस गाडी सुसाट पिटाळतो आणि वळण आले की ब्रेकवर उभा राहतो, त्याचीच पुढची चाके वर्षाच्या आत अशी होतात.

नियाज आपल्या पायांकडे पाहत राहिला.

मोतीरामशेठ मूळचे देवळ्याचे, कांद्याचे व्यापारी. ही फ्रेंच बनावटीची गाडी त्यांनी विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाकडून अकरा महिन्यांपूर्वी घेतली होती. इतर मोटारींना मागची चाके ढकलतात, आमचीला पुढची ओढतात, असे ते चारचौघांत कौतुकाने सांगत. पण त्या सांगण्याचा अर्थ त्यांनी कधी मनाशी उलगडून पाहिला नव्हता. नियाजला तो हातांच्या दहा बोटांतून कळत असे. चढावर ही गाडी कोणी पुढून हात धरून न्यावे तशी जाई. हे सारे तो मनात पुन्हा पुन्हा नीट जुळवून ठेवी, आणि बोलायची वेळ आली की वाक्य ओठांपर्यंत येऊन परत फिरे.

पुंजारामने दोन तऱ्हेचे नवे टायर भिंतीला लावून ठेवले. एकावर खोल, जाड ठोकळे होते. दुसऱ्यावर नुसत्या सरळ रेघा. त्याचे मत ठरलेले होते. जोर मागच्या चाकांवर असतो, म्हणून ठोकळ्यांची नवी जोडी मागे चढवावी आणि मागची जुनी पुढे आणावी. शेठना ते पटले. उद्या आईला घेऊन वणीला जायचे होते. रस्ता चढाचा आणि वळणांचा. त्यांनी नियाजकडे पाहिले आणि आवाज जराही न चढवता म्हटले,

"वणीची खेप तेवढी कर, नियाज. मग किल्ली देऊन टाक. देवळ्याचा नाथा म्हणे शांत हाताचा आहे."

नियाजने मान हलवली. या गाडीच्या आधी पाच वर्षे तो शेठचा टांगा हाकत होता, आणि घोड्याच्या तोंडाला त्याने एकदाही फेस येऊ दिला नव्हता. हेही सांगता आले असते.

तो सांगण्याऐवजी गाडीत जाऊन बसला.

इंजिन सुरू झाले तेव्हा पुंजाराम गाडीच्या अगदी समोर उकिडवा बसलेला होता. नियाजने गिअरचा दांडा ओढलेला पाहताच तो धोतर सावरीत बाजूला कोलमडला. आता गाडी टेकूंवरून उडी घेणार, म्हणून शेठही दोन पावले मागे सरले. गाडी हलली नाही. पुढची गुळगुळीत चाके मात्र हवेत गरगरा फिरू लागली. मागच्या चाकाला पाठ लावून एक कुत्रे झोपले होते. त्याने एक डोळा उघडला, आणि पुन्हा मिटला.

बाकावर पानाची चंची सोडून बसलेल्या कुसाबाई, शेठच्या आई, हसू लागल्या.

"मोतीराम, तुझा बाप बैल कुठं जुंपायचा रं? गाडीच्या पुढं का मागं?"

"पुढंच की, आई."

"मंग? बैलाच्या नाला दर दोन महिन्याला नव्या लागायच्या. चाकाची लोखंडी धाव तुझ्या लग्नाआधीची, ती अजून हाय. म्हून कधी बैलाला म्हनलास का, तुला चालता येत नाय?"

पुंजारामने गुडघ्यावरची धूळ झटकली.

"वीस वर्षं माझ्याकडं बैल मागं बांधलेल्याच गाड्या आल्या, आजी," तो म्हणाला. "हात सवयीनं तिकडंच जातो."

नियाजने इंजिन बंद केले. ती चाके फिरायची थांबेपर्यंत सर्व जण त्यांच्याकडेच पाहत होते. मग शेठनी विचारले, आणि या अकरा महिन्यांत ते प्रथमच विचारीत होते, की यांतले कोणते टायर घ्यावेत. नियाजने ठोकळ्यांच्या टायरवर अंगठा दाबून पाहिला.

"हे. पुढं."

टायर चढले. नियाजने समोरच्या मोकळ्या मैदानात एक फेरी मारली, गाडी कडेच्या लिंबाखाली उभी केली, आणि चालत येऊन किल्ली शेठपुढे धरली. शेठ आपल्या टोपीची कडा नीट करीत होते. ती नीट होण्यास बराच वेळ लागला.

"परवा नामपूरच्या बाजाराला जायचं आहे," ते म्हणाले. "पेट्रोल आजच भरून ठेव."

नियाजने मूठ मिटली आणि तो गाडीकडे निघाला.

मैदानाच्या मऊ धुळीत गाडीची वाट उमटली होती. सरळ भागात नव्या टायरांची खूण कोठेच नव्हती. मागची चाके तिच्यावरूनच गेली होती. वळणावर मात्र दोन्ही वाटा एकमेकींपासून सुटल्या होत्या, आणि बाहेरच्या अंगाला ते खोल ठोकळे एकेक करून स्वच्छ उमटले होते. तो तेथे क्षणभर थांबला. मग त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून, जरा लांबचा वळसा घेऊन, गाडीकडे गेला.