एका लग्नाच्या चार कॉप्या

“तुझं खातंच उडवतो आता,” पप्पू म्हणाला. “डिस्क पार लाल झालीय.”

स्वप्नालीनं माउसवरचा हात काढला नाही. “उडवून तर बघा.”

पप्पू तसा वाईट माणूस नव्हे. पण आदल्या दिवशी बैलगाडा शर्यत झालेली, तिचं शूटिंग मोबाइलमध्ये अडकलेलं, आणि कॉम्प्युटर म्हणतो जागा नाही. शर्यतीपुढं बायको कोण! शिवाय अॅडमिन तोच. बायकोचा पासवर्ड न विचारता तिचं खातं आतल्या सगळ्या फायलींसकट तो पुसू शकत होता.

“चौघांची चार खाती, म्हंजी डिस्कचे चार वाटे. तुझा वाटा मला दे.”

“वाटे कुणी पाडले? डिस्क म्हंजी एकच टाकी, नळ चार. कुणीबी सोडला तरी पाणी सगळ्यांचंच जातंय.”

“मंग तुझे ते गणिताचे व्हिडिओ पूस.”

“परीक्षा तोंडावर आलीय. एकबी पुसायचा न्हाई.”

सासरा म्हस्कू खाटेवरून खाकरला. “आमच्या घरातली बाई कवा परीक्षेला बसली न्हाई. बारावी झाली तेवढं बास. पप्पू, पूस म्हणतो ना!”

सासू बानूबाई मेथी निवडत होती. दुपारी सून त्या व्हिडिओंपुढं बसली, की हीही शेजारी ठाण मांडायची. सुनेवर लक्ष ठेवते म्हणून म्हस्कू खूश. बानूबाईच्या खात्याला तर पासवर्डसुद्धा नव्हता. तिला काय झाकायचंय, म्हणे.

स्वप्नालीचं डोकं तडकलं. कवठे येमाईत रेंजचा नेहमीचाच खेळखंडोबा. म्हणून वरवंडला माहेरी गेली की भावाच्या वायफायवर तिनं एकेक धडा उतरवून पेनड्राइव्हवर आणला होता. ते गेले म्हणजे परीक्षेचं वाटोळंच.

“थांबा. जागा कुणी खाल्ली ते आधी बघू,” ती म्हणाली आणि पप्पूलाच चारही खाती तपासायला लावली.

आणि काय सांगावं! चारही खात्यांत एकच धूड निघालं. पप्पू-स्वप्नालीच्या लग्नाचा व्हिडिओ, हळदीपासून पाठवणीपर्यंत, ड्रोनसकट. मानपानावरून कुणी रुसायला नको म्हणून म्हस्कूनंच तो चौघांच्या खात्यांत वेगवेगळा घालायला लावला होता. लग्न एक, जागा चार लग्नांची! गणिताचे व्हिडिओ त्यापुढं चिल्लर.

“मामा, तुमच्यातला पुसू?”

म्हस्कू उठून बसला. “हात तर लाव!”

“आन् तुमच्यातला?”

पप्पूनं नाही म्हणून मान हलवली.

“बरं,” असं म्हणून तिनं आपल्या खात्यातलं लग्न पुसलं. वर रिसायकल बिनही रिकामं केलं, कारण तिथं पडलेलंही जागा खातंच.

पप्पूचं तोंड एवढंसं झालं. “आपलं लग्न पुसलंस तू?”

“तीन शिल्लक हायत की. भरा आता तुमचे बैल.”

हे म्हस्कूला फार झोंबलं. सुनेनं आपल्याला जुमानलं नाही, हे त्याच्या घशाखाली उतरेना. परीक्षेच्या दिवशी सकाळी, शिरूरची एसटी यायच्या वेळेला, तो दारात आडवा उभा राहिला.

“सून पेपरला जाणार न्हाई. बघू कोण जातंय ते!”

“न्हाई जात, मामा,” स्वप्नाली म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

म्हस्कू चाटच पडला. एवढी तोंडाळ पोरगी, आणि इतक्या सहज ऐकलं? त्यानं विजयानं मिशीवर हात फिरवला.

तेवढ्यात आतून बानूबाई आली. ठेवणीतलं लुगडं, डोक्यावर पदर, हातात कंपासपेटी.

“सरका बाजूला,” ती नवऱ्याला म्हणाली. “दहावीला मी बसलीय.”