निर्दोष

“उद्या तू काही बोलायचं नाहीस,” गजांआडून काचवाला म्हणाला. “फाशी पहाटेच्या अंधारात देतात, देऊ दे त्यांना. मला काही होणार नाही. पुरलं तरी मी पुन्हा तुझ्या दारात येऊन उभा राहीन.”

धाकटीला रडूच फुटलं. न्यायालयाच्या तळघरातल्या कोठडीत महिनाभर राहून याचं डोकं फिरलं, असं तिला वाटलं. तो पार सुकून गेला होता. ताटातल्या अन्नाला त्याने हातही लावला नव्हता. तिने गजांमधून त्याची बोटं धरली. ती नेहमीसारखीच गार होती.

“कुणी केलं ते तुला ठाऊक आहे ना?” तिने विचारलं.

त्याने हलकेच बोटं सोडवून घेतली. मग म्हणाला, “दादाशिवाय तुला कोण आहे?”

म्हणजे त्यालाही ठाऊक होतं.

दादाचा मेणबत्त्यांचा कारखाना होता. आईवडील गेल्यावर त्यानेच धाकटीला वाढवलं. लहानपणी तिची वेणीसुद्धा तोच घालायचा. काचवाला काचेच्या भट्टीवर रात्रपाळीला होता. कामावर जाताना, दिवेलागणीला, तो मेणबत्त्या घ्यायला यायचा. रोज यायचा. “हा मेणबत्त्या खातो की काय!” दादा म्हणायचा, आणि धाकटी मान खाली घालून पुडकं बांधायची. पुढे मेणबत्त्यांचं निमित्तही लागेना. अंधार पडला की परसातल्या पिंपामागे दोघं भेटू लागली.

अशाच एका संध्याकाळी वहिनी स्वयंपाकघरात गळा चिरलेली सापडली. काचवाल्याला परसात शेजाऱ्यांनी पाहिलं होतं. मग गावाच्या तोंडाला हात कोण लावणार? “माणूस नव्हेच तो, रक्तपिशाच आहे,” लोक म्हणू लागले. “दिवसा कधी पाहिलाय का कुणी त्याला?” न्यायाधीशांनी ते हसण्यावारी नेलं. खून माणसंच करतात, म्हणाले. धाकटीलाही ते पटलं. रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपणार नाही तर काय करणार?

त्या संध्याकाळी आपण कारखान्यात मेणबत्त्यांसाठी चरबी कढवत होतो, असं दादाने सांगितलं होतं. पण धाकटी दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेली, तेव्हा कढईतली चरबी दगडासारखी थिजलेली होती आणि तिच्यावर धुळीचा थर होता. चूल पेटलीच नव्हती. महिनाभर ती हे मनात दाबून होती.

खटल्याच्या दिवशी आभाळ भरून आलं होतं आणि कडाक्याची थंडी होती. न्यायालयाच्या खिडक्या लावून घेतल्या होत्या आणि भर सकाळी आत दिवे जळत होते. धाकटी उभी राहिली. काचवाला मान हलवून तिला नको नको म्हणत होता. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, दादाकडेही नाही. कढईचं सगळं सांगून टाकलं.

दादाने नाकारलं नाही.

“ती घर सोडून निघाली होती,” तो म्हणाला. “माझं भान सुटलं.” मग धाकटीकडे वळून हळूच म्हणाला, “बरं केलंस, पोरी. आता झोप तरी लागेल.”

त्याला बेड्या घालून खाली नेलं. काचवाल्याला निर्दोष सोडण्याचा हुकूम झाला.

“साहेब, मला संध्याकाळपर्यंत कोठडीतच राहू द्या,” काचवाला म्हणाला. सगळे हसले. “कोठडीचा लळाच लागलाय याला,” असं म्हणत शिपायाने त्याला दाराकडे ढकललं. त्याच्या अंगात उभं राहण्याचंही त्राण नव्हतं.

धाकटी धावत आली. ज्या हातासाठी तिने दादाला गमावलं होतं, तो हात तिने घट्ट धरला. “चल ना,” ती म्हणाली. तिच्या गालांवर अजून ओल होती, पण ती हसत होती. काचवाल्याने तिच्या चेहऱ्याकडे एकदाच डोळे भरून पाहिलं. तो हात झिडकारणं त्याला जमलं नाही.

शिपायाने दार उघडलं. ढग विरले होते आणि पायऱ्यांवर लख्ख ऊन पडलं होतं. धाकटी त्याला ओढतच खाली उतरली. उतरता उतरता तिची मूठ अचानक हलकी झाली. तिने वळून पाहिलं. पायरीवर नुसता सदरा पडला होता आणि तिच्या बोटांमधून राख गळत होती.

दोराने त्याला मरण आलं नसतं. तो खरंच तिच्या दारात येऊन उभा राहिला असता.