मास्तरांचं माप

कटिंग मास्तर वीस वर्षं त्या ठेंगण्या टेबलावर वाकून कापड कापत होते. कंबर पार कामातून गेली, तेव्हा त्यांनी टेबलाच्या पायांखाली चार विटा सरकवल्या. मॅनेजरसाहेबांनी त्या विटा त्याच दिवशी काढायला लावल्या. "पाहुणे येतात हो इथं, बरं दिसत नाही. पण तुमच्या कंबरेचं बघतो काहीतरी." सोमवारी साहेब स्वतः आले. मास्तरांच्याच गळ्यातली टेप घेऊन त्यांनी आधी टेबल मोजलं, मग मास्तरांची उंची. मास्तर हरखले. जन्मभर दुसऱ्यांची मापं घेतली, आज पहिल्यांदाच कुणीतरी त्यांचं घेत होतं. घरी जाऊन बायकोला म्हणाले, "अगं, माझ्या मापाचं टेबल येतंय!" शनिवारी कारखान्याच्या फाटकावर जाहिरात लागली: "कटिंग मास्तर पाहिजे. उंची पाच फुटांच्या आत असावी." कागद इतका खाली चिकटवला होता, की वाचायलाही त्यांना वाकावं लागलं.